मधुमेहात अचानक हात-पाय आपोआप हलू लागले तर: आधी साखर मोजा

मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाचा एक हात अचानक आपोआप हलायला लागतो. बोटं वळवळतात, मनगट फिरतं, मध्येच अख्खा हात खांद्यापासून उडतो. दाबून धरला तर क्षणभर थांबतो, सोडला की पुन्हा सुरू. कधी त्याच बाजूचा पाय सामील होतो, कधी तोंडाचा कोपरा. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि "अरे, मी नाही करत, आपोआप होतंय" असं सांगत असतो. तोवर घरात निदानं सुरू झालेली असतात. वात आहे, नस दबली, अशक्तपणा आलाय, कंपवात लागला, टेन्शन फार घेते. शेजारच्या काकू मालिशवाल्या बाईंचा नंबर देतात. ग्लुकोमीटर मात्र कपाटातच राहतो, कारण हात हलण्याशी साखरेचा काय संबंध?

संबंध आहे, आणि बऱ्याचदा तेच कारण असतं. रक्तातली साखर बरेच दिवस फार वाढलेली राहिली, तर मेंदूच्या हालचाली आवरणाऱ्या भागावर परिणाम होऊ शकतो आणि शरीराची एक बाजू अशी नाचायला लागते. डॉक्टर याला 'हेमिकोरिया' म्हणतात. हात-पाय जोरात भिरकावल्यासारखे उडत असतील तर 'हेमिबॅलिस्मस'. स्कॅनमध्ये मेंदूतला ठरावीक बदलही दिसला तर 'डायबेटिक स्ट्रायाटोपथी'. १९६० मध्ये बेडवेल या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. आजार विरळा आहे, पण वेळेत ओळखला तर बहुतेकांची हालचाल साखर ताब्यात आल्यावर थांबते. न ओळखता नसांची व्हिटॅमिनं घेत बसलं, तर तीच वाढलेली साखर जिवावर बेतू शकते. म्हणून काय करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: हालचाल नीट बघा, पण दोनच मिनिटं

ही हालचाल तालात नसते. आत्ता बोट, मग मनगट, मग खांदा, अशी ती कुठूनही कुठेही सरकते. पुढचा झटका कधी आणि कुठे येईल ते सांगता येत नाही. बरेच रुग्ण ती लपवतात. हात आपोआप उठला की पदर सारखा करतात, चष्मा नीट करतात, केसांवरून हात फिरवतात, नाहीतर हात मांडीखाली दाबून बसतात. त्यामुळे पहिले एकदोन दिवस घरच्यांना 'आई जरा चुळबुळ करतेय' एवढंच वाटतं. मुलगा परदेशात आणि आई-वडील कोथरूड-औंधला एकटे, अशी घरं पुण्यात कमी नाहीत. तिथे तर ही चुळबुळ व्हिडिओ कॉलवरच पहिल्यांदा लक्षात यायची शक्यता जास्त. फोन सतत हलत असेल, कपातला चहा सांडत असेल, तर विचारा.

दोन साध्या गोष्टी करून बघता येतात. जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगा. कोरिया, म्हणजे ही बेताल नाचरी हालचाल, असेल तर जीभ पुन्हा पुन्हा आत जाते. तुमची दोन बोटं त्यांच्या मुठीत देऊन घट्ट धरायला सांगा. पकड एकसारखी राहत नाही, आवळते आणि सैल होते, गाईचं दूध काढताना व्हावी तशी. झोप लागल्यावर ही हालचाल सहसा थांबते किंवा खूप कमी होते. ही गोष्ट लक्षात ठेवून डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कंपवात वेगळा. त्यात हात स्वस्थ ठेवलेला असताना तालात थरथरतो आणि हे महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतं. आकडीचे झटके ठरावीक तालात, ठकठक येतात आणि त्यात शुद्ध हरपू शकते. मात्र साखर फार वाढली की शरीराच्या एकाच भागाला शुद्धीतही आकडी येत राहू शकते, तासन्‌तास. घरबसल्या या दोन्हींतला फरक करायच्या भानगडीत पडू नका. पुढची पायरी दोन्हींना सारखीच आहे.

दुसरं काम: ग्लुकोमीटर काढा

मला विचाराल तर या सगळ्यातली सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त विसरली जाणारी तपासणी ही. आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या किंवा चहात साखर घातलेल्या बोटावर आकडा खोटा वाढतो. स्ट्रिपच्या डबीवरची मुदत बघा. हलणाऱ्या हाताला टोचायचा अट्टहास नको, दुसरा हात आहेच.

आकडा ७० च्या खाली आला तर गोष्टच बदलते. साखर उतरल्यावर थरथर, घाम, घाबरंघुबरं होणं हे नेहमीचं, पण क्वचित अशीच वेडीवाकडी हालचालही होते. रुग्ण शुद्धीवर असून गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

आकडा ३००-४०० च्या वर असेल, तर कारण सापडल्याची शक्यता बरीच आहे. मीटरवर नुसतं 'हाय' आलं तर मशीन बिघडलं असं समजू नका. साखर त्याच्या मोजपट्टीच्या वर गेली आहे, बहुतेक मीटरमध्ये ६०० च्या. अशा वेळी 'दोन-चार युनिट जास्त टोचून टाकू' हा घरगुती उपाय करू नका. एवढ्या साखरेला शरीरात पाणी आणि क्षारही कमी झालेले असतात आणि ते मोजल्याशिवाय इन्सुलिनचा डोस ठरवता येत नाही.

आकडा १६०-१८० असा बरा आला म्हणून मात्र सुटलो असं नाही. काहींची हालचाल साखर आटोक्यात आल्यावर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही सुरू होते. त्यामुळे आजच्या आकड्याइतकीच तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, महत्त्वाची. या आजाराच्या १७६ रुग्णांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ६७ च्या आसपास होतं, बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या, साखर सरासरी ४१४ आणि एचबीएवनसी १३.१ होता. हे दोन दिवस श्रीखंड खाल्ल्याचं काम नाही. महिनोन्‌महिने साखर वर राहिल्याशिवाय हा आकडा येत नाही.

आणि "आमच्या आईला शुगर नाहीच" हे उत्तर चालणार नाही. काहींच्या बाबतीत मधुमेह आहे हेच मुळी हात नाचायला लागल्यावर कळतं. अंगाने बारीक माणसाला मधुमेह होत नाही, हा समज तर पुण्यातच खोडला गेला आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त असलेल्या भारतीय शरीरावर केलेलं काम जगभर माहीत आहे.

तिसरं काम: व्हिडिओ आणि वेळ

मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. चेहरा, दोन्ही हात, दोन्ही पाय दिसले पाहिजेत. जमलं तर चार पावलं चालतानाचाही, पण धरून. कॅज्युअल्टीत इंजेक्शन दिल्यावर हालचाल कमी होते आणि सकाळी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना काहीच दिसत नाही. तेव्हा हा व्हिडिओ दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडतो.

रुग्ण शेवटचा पूर्ण बरा कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. 'संध्याकाळपासून' असं मोघम नको, '६ वाजता चहा पिताना ठीक होत्या' असं. कारण हीच हालचाल मेंदूच्या खोल भागात रक्ताची गुठळी अडकल्यानेही सुरू होते आणि मधुमेहींना तोही धोका जास्त. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते द्यायचं की नाही हे या वेळेवर ठरतं. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा हातातली ताकद गेली असेल, तर व्हिडिओ राहू द्या, निघा.

चौथं काम: निघा, आणि कुठे जायचं ते निघण्याआधी ठरवा

उद्या सकाळी ओपीडीत दाखवू, हा विचार नको. जिथे २४ तास सिटी स्कॅन होतो, फिजिशियन हजर असतो आणि न्यूरॉलॉजिस्टला बोलावता येतं, अशाच ठिकाणी जा. जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये थांबून तिथून स्कॅनसाठी दुसरीकडे, रिपोर्ट घेऊन परत पहिल्याकडे, यात अर्धी रात्र जाते. खासगी परवडत नसेल तर स्टेशनजवळचं ससून आहे, पिंपरी-चिंचवडकरांना यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. रिक्षात हात उडत असलेल्या माणसाला धरून बसणं अवघड असतं, त्यात पेठांमधले गणपतीचे बंद रस्ते किंवा सिंहगड रोडची संध्याकाळ असेल तर विचारायलाच नको.

निघेपर्यंत रुग्णाला खाली किंवा भिंतीला लागून बसवा, आजूबाजूला उश्या लावा. हातातल्या बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. हात दोरीने किंवा ओढणीने बांधू नका, त्याने हालचाल थांबत नाही आणि काळंनिळं तेवढं होतं. 'अंगात आलंय' म्हणून कुणी अंगारा लावायला आलं तर लावू द्या, पण गाडी थांबवून नको.

बरोबर काय घ्यायचं? फाइल, जुने साखरेचे आणि मूत्रपिंडाचे (क्रिएटिनिनचे) रिपोर्ट, आणि घरात असलेली सगळी औषधं. नुसती यादी नको, पाकिटंच पिशवीत टाका. गुडघ्यांसाठी गावाहून आणलेल्या पुड्या, कारल्या-जांभळाचं चूर्ण, दम्याचा पंप, पोटाच्या कॅप्सूल, सगळं. साखर एवढी का चढली याचं उत्तर पुष्कळदा याच पिशवीत असतं.

हॉस्पिटलमध्ये: रिपोर्टमधला पांढरा डाग

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण नातेवाइकांची खरी घाबरगुंडी इथे उडते.

मेंदूच्या मध्यभागी 'स्ट्रायटम' नावाचा भाग असतो. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती अडवायची हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा. साखर फार वाढली की रक्त दाट होतं आणि या भागाचा रक्तपुरवठा मंदावतो. तिथल्या पेशी पर्यायी इंधन वापरायला लागतात आणि त्यात हालचालींना लगाम घालणारं 'गाबा' हे रसायन खर्ची पडतं, असं मानलं जातं. कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणारी द्रव्यं) तयार होत असतील तर त्यापासून गाबा पुन्हा बनवता येतो. वयस्कर टाइप २ मधुमेहींमध्ये कीटोन फारसे बनत नाहीत, म्हणून हा त्रास त्यांच्यात जास्त दिसतो, असा तर्क आहे. कात्रजच्या उतारावर ब्रेक सैल झालेल्या गाडीसारखी मग शरीराची ती बाजू सुटते. पाळी गेलेल्या बायकांमध्ये प्रमाण जास्त का, याचं कारण इस्ट्रोजेन कमी होण्यात शोधलं जातं.

सिटी स्कॅनमध्ये हाच भाग पांढरा दिसतो. हात डावा हलत असेल तर डाग मेंदूच्या उजव्या बाजूला. ताजा रक्तस्रावही सिटीत पांढराच दिसतो, त्यामुळे पहिला तोंडी रिपोर्ट 'ब्रेन हॅमरेज' असा येऊ शकतो. मग घरचे हादरतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद होतात, ऑपरेशनच्या गोष्टी सुरू होतात. फरक असा की साखरेमुळे झालेला डाग स्ट्रायटमच्या आकारातच राहतो. त्याच्याभोवती सूज किंवा शेजारच्या भागावर दाब सहसा नसतो. एमआरआयच्या टी-वन प्रकारच्या चित्रात तो स्पष्ट उजळ दिसतो. म्हणून स्कॅनच्या फॉर्मवर 'मधुमेह, साखर अमुक, डाव्या बाजूची अनैच्छिक हालचाल' एवढं लिहिलंय का बघा. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "हा रक्तस्रावच आहे, की वाढलेल्या साखरेमुळे असं दिसतंय?" या प्रश्नाचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

सुरुवातीला सिटी स्वच्छही येऊ शकतो, एमआरआय जास्त पकडतो. कॉन्ट्रास्टची, म्हणजे चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाची, सहसा गरज पडत नाही. सुचवला गेलाच तर मूत्रपिंडाचा रिपोर्ट आणि मेटफॉर्मिनची गोळी चालू असल्याचं आधी सांगा. रक्तात साखर, एचबीएवनसी, कीटोन, सोडियम, क्रिएटिनिन, कॅल्शियम, थायरॉइड हे बघतात. क्रिएटिनिन महत्त्वाचं अशासाठी की मूत्रपिंड निकामी झालेल्या मधुमेहींमध्ये दोन्ही बाजूंची हालचाल सुरू होऊ शकते. शिवाय पायाच्या जळजळीवरच्या गॅबापेंटिन-प्रीगॅबलिनचा डोस मूत्रपिंडाला झेपेनासा झाला की अंगाला झटके यायला लागतात.

उपचार

मुख्य उपचार म्हणजे सलाइन आणि इन्सुलिन. साखर एका रात्रीत शंभरावर आणायची घाई डॉक्टर करत नाहीत, आपणही त्यांच्या मागे लागू नये. काहींची हालचाल दोन-चार दिवसांतच ओसरते, काहींना आठवडे लागतात, थोड्यांची महिनोन्‌महिने रेंगाळते. फार जोरात असेल, झोप-जेवण अशक्य होत असेल, तर हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, टेट्राबेनाझिन किंवा क्लोनाझेपाम यांपैकी काही देतात. ही औषधं उपयोगी आहेत, पण म्हाताऱ्या माणसाला सुस्ती, अंग ताठरणं, पडणं हेही देऊन जातात. टेट्राबेनाझिनने मन उदास होऊ शकतं. हॅलोपेरिडॉलसाठी ईसीजी बघावा लागतो. डिस्चार्जच्या वेळी एक प्रश्न विचाराच: "ही गोळी कमी कधी करायची आणि बंद कधी?" उत्तर डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. नाहीतर केमिस्ट जुनीच चिठ्ठी बघून देत राहतो आणि तीन आठवड्यांची गोळी तीन वर्षं चालते.

आकडीचं निदान झालं असेल तर फेनिटॉइन या आकडीवरच्या औषधाबद्दल विचारा. हे औषध साखर वाढवू शकतं, म्हणून अशा रुग्णांत दुसरं निवडणं बरं.

घरी आल्यावर

साखर का चढली हे शोधल्याशिवाय निम्मंच काम झालं. नेहमीचे संशयित ठरलेले आहेत. वारीला किंवा लग्नाला गेल्यावर सुटलेलं इन्सुलिन, लघवीतलं किंवा पायाच्या जखमेतलं जंतुसंसर्गाचं दुखणं, दम्यासाठी वा सांध्यांसाठी घेतलेलं स्टेरॉइड, आणि कडू रस प्यायला लागल्यावर 'आता गोळीची गरज नाही' असं स्वतःच ठरवणं. बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. दोन दिवसांत गुडघेदुखी जादूसारखी पळाली की पुडीवर संशय घ्या. साखर आणि उपवास हे प्रकरण तर घरोघरचं. श्रावणात साबुदाणा खिचडी, बटाटा, वर राजगिऱ्याचा लाडू आणि दोन केळी, एवढ्याला उपवास म्हणणाऱ्यांचा मीटर काही उपवास करत नाही. धरायचाच असेल तर ताक, शेंगदाणे, थोडी वरी असा धरावा, आणि औषधांची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

नव्याने इन्सुलिन सुरू झालं असेल तर टोचणार कोण हे ठरवा. ज्या हाताने टोचायचं तोच नाचतोय, तर घरातल्या कुणीतरी शिकून घ्यायला हवं. डॉक्टरांना इन्सुलिनच्या पेनबद्दल विचारा, ते सोपं पडतं. न उघडलेलं पेन फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरजवळ नको. पहिले काही आठवडे साखर उतरायचा धोकाही असतो, म्हणून मीटरने वारंवार मोजत राहा. सत्तरीपुढच्या माणसाचा एचबीएवनसी साडेसहावर आणायची जिद्द धरू नका. बऱ्याचदा साडेसात ते आठ पुरे असतं.

आता पोटाच्या कॅप्सूल. या विषयावर मी थोडा हट्टी आहे. जुन्या मधुमेहींना जेवण जिरत नाही, पोट फुगतं, म्हणून रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलबरोबर लिव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल सर्रास दिली जाते. लोक तिला 'अ‍ॅसिडिटीची गोळी' समजून वर्षानुवर्षं घेतात. लिव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड ही दोन्ही मेंदूतल्या डोपामिनवर काम करतात. त्यांनी कंपवातासारखी थरथर आणि ताठरपणा येतो, किंवा ओठ-जिभेचं सतत चघळल्यासारखं हलणं सुरू होतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये मेटोक्लोप्रमाइडवर याबद्दल सर्वात कडक इशारा छापायला लावला आणि बारा आठवड्यांपेक्षा जास्त देणं टाळायला सांगितलं. चक्कर येते म्हणून चालू असलेलं सिनारिझिनही याच पंक्तीतलं. पाकिटामागचे बारीक अक्षरांतले घटक वाचा, यांपैकी नाव दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. अशा गोळीमुळे सुरू झालेली हालचाल नुसती साखर सुधारून थांबणार नाही.

एचबीएवनसी तीन महिन्यांनी. एमआरआय मात्र पुन्हा पुन्हा करू नका. पांढरा डाग महिनोन्‌महिने राहू शकतो, हालचाल थांबल्यावरही. डागापेक्षा हात काय करतोय ते महत्त्वाचं.

काही जणांना हा त्रास पुन्हा होतो, त्याच बाजूला किंवा दुसऱ्या. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा: 'वाढलेल्या साखरेमुळे डाव्या बाजूचा हेमिकोरिया', महिना, वर्ष, तेव्हाची साखर आणि कोणत्या औषधाने त्रास झाला ते. स्कॅनची सीडी त्याच फाइलमध्ये राहू द्या आणि सगळ्याचे फोटो मुलांच्या आणि एका विश्वासू शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला जुना डाग आणि नवा डाग शेजारी ठेवून बघता येईल.